डासाच्या अळीच्या मेंदूची खानेसुमारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने मला बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा आभारी आहे. अशा समारंभात वक्त्याने तालीमेचे महत्त्व सांगावे, असा रिवाज आहे. तो मी मोडणार नाही; फक्त वाट जरा वेगळी धरणार आहे. आज मी तुमच्यापुढे डासाची अळी घेऊन उभा आहे. पिंपाच्या तळाशी, फुटक्या टायरात, परसातल्या करवंटीत वळवळणारी ती अळी. ती दिसली की आपण नाक मुरडतो आणि पाणी ओतून देतो. ओतून द्यावेच. पण ओतण्याआधी घटकाभर तिच्याकडे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम माझ्याच एका चुकीची कबुली देतो. चाळीसएक वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवीत असे. एके दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी मुरंब्याची रिकामी बरणी घेऊन आली. बरणीत पाणी, आणि पाण्यात डासाच्या अळ्या. ती म्हणाली, “सर, बरणीवर हात नेला की या सगळ्या एकदम खाली जातात. यांना कळतं कसं? यांना मेंदू असतो का?” मी म्हणालो, “असतो.” तिने लगेच विचारले, “मग त्यात काय काय असतं?”

याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे म्हणण्याची हिंमतही झाली नाही. “हे परीक्षेत येत नाही. जा, बरणी ओतून ये,” असे मी म्हणालो. वर्ग हसला. ती गेली आणि बरणी ओतून आली. दहावीनंतर तिच्या वालिदांनी “पुरे झाली तालीम” म्हणून तिचे नाव काढले. मी त्यांच्या घरी जाऊन चार शब्द बोलू शकलो असतो. मी गेलो नाही.

आज जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत त्या मुलीच्या प्रश्नावर काम चालू आहे. ते काम काय आहे आणि त्याचा आपल्या मोहल्ल्याशी काय संबंध आहे, हे आज सांगायचे आहे.

आधी अळीची ओळख करून घेऊ. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला डोके खाली करून लटकते आणि शेपटीकडच्या नळीने हवा घेते. मलेरियाच्या ॲनोफेलीस डासाच्या अळीला अशी नळी नसते. म्हणून ती पाण्याला समांतर, आडवी पडून राहते. एवढी एक खूण लक्षात ठेवलीत तरी पिंपात कोणता पाहुणा आला आहे याचा अंदाज बांधता येईल. अळी तोंडाजवळच्या केसांच्या झुपक्यांनी पाणी ढवळून बारीक अन्नकण गिळते, वाढीच्या चार अवस्थांतून जाते, मग कोष होते आणि कोषातून डास बाहेर पडतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता तिची मज्जासंस्था. डोक्यात मेंदू असतो. त्याच्या खालच्या बाजूला मज्जापेशींची आणखी एक गाठ, मग छातीत तीन गाठी आणि पोटात आठ. या सगळ्या गाठी दुहेरी दोरीने एकमेकींना बांधलेल्या असतात. आपला मज्जारज्जू पाठीतून जातो, हिची दोरी पोटाच्या बाजूने जाते. वास घेण्यासाठी प्रत्येक स्पर्शिकेत जेमतेम डझनभर मज्जापेशी. एवढ्या भांडवलावर ती अन्न शोधते, उजेड आणि अंधार ओळखते, सावली पडली की बुडी मारते. वर पुन्हा पुन्हा सावली पाडली आणि धोका काही आला नाही, तर हळूहळू ती दाद देईनाशी होते. म्हणजे अनुभवावरून ती काही शिकते. त्या मुलीच्या बरणीत हेच चालले होते.

पण मेंदूत “काय काय असते” हे कळायला माणसाला फार वेळ लागला. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८७३ साली इटलीतील कामिल्लो गोल्जी या डॉक्टरांना मज्जापेशी रंगवण्याची एक रीत सापडली. चांदीच्या क्षाराने मेंदूच्या कापातील मोजक्याच पेशी काळ्या होत. पण ज्या होत त्या शेंड्यापासून मुळापर्यंत दिसत. सगळेच झाड रंगले असते तर नुसती काळी भिंत दिसली असती. थोडकी रंगली म्हणून फांदी नि फांदी मोजता आली. स्पेनमधील सांतियागो रामोन ई काहाल यांनी हीच रीत सुधारून शेकडो चित्रे काढली आणि दाखवून दिले की मेंदू म्हणजे एकसंध जाळे नसून वेगवेगळ्या पेशींची वस्ती आहे. गोल्जींना हे पटले नाही. तरीही १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. पुढे १९१५ मध्ये काहाल यांनी दोमिंगो सांचेझ या सहकाऱ्याबरोबर कीटकांच्या मज्जासंस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. किड्यामुंग्यांचा मेंदू पाहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि गंमत पाहा, याच गोल्जींनी १८८५ च्या सुमारास हिवतापाच्या रोग्यांचे रक्त तपासून तापाची पाळी आणि रक्तातील जंतूंची वाढ यांचा मेळ घालून दिला. मेंदू आणि मलेरिया या दोन्ही विषयांत एकाच माणसाचे नाव आहे.

पेशी वेगळ्या आहेत हे कळल्यावर दोन प्रश्न उरले. कोणती पेशी कोणाशी जोडली आहे? आणि कोणती पेशी कोण आहे? पहिला प्रश्न रस्त्यांच्या नकाशाचा, दुसरा खानेसुमारीचा. शहर समजून घ्यायला दोन्ही लागतात. रस्ते कळले पण घरात हकीम राहतो की लोहार हे कळले नाही, तर वेळेला कोणाचे दार ठोठावणार?

रस्त्यांचा पहिला पूर्ण नकाशा १९८६ साली एका सूक्ष्म जंताचा झाला. त्याच्या मज्जापेशी अवघ्या ३०२. तरी काम दहा वर्षांहून अधिक चालले. २०२३ साली फळांवरच्या माशीच्या अळीचा मेंदू पूर्ण झाला. त्यात ३,०१६ मज्जापेशी आणि त्यांच्यातील सुमारे ५ लाख ४८ हजार जोडण्या निघाल्या. माशी आणि डास एकाच मोठ्या कुळातले, म्हणून हा नकाशा डासाच्या अळीकडे पाहतानाही उपयोगी पडतो.

आता दुसऱ्या कामाकडे, खानेसुमारीकडे वळतो. ते कसे करतात हे विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे, कारण त्यात तुम्ही शिकत असलेले सगळे विषय येतात.

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जनुकांचा तोच संपूर्ण ग्रंथ असतो. डोळ्यातल्या पेशीत तोच, स्नायूतल्या पेशीत तोच. फरक इतकाच की प्रत्येक पेशी आपल्या कामापुरती पाने उघडून वाचते. वाचलेल्या पानाची जी नक्कल निघते तिला आर.एन.ए. म्हणतात. म्हणून एखाद्या पेशीत कोणत्या नकला पडल्या आहेत हे पाहिले की तिचा धंदा कळतो. वाण्याच्या दुकानातील बिले पाहून तो काय विकतो हे कळावे, तसे.

काम असे चालते. अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बारीक चिमट्यांनी तिचा मेंदू आणि मज्जादोरी सोडवून घेतात. हा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान. एकाने भागत नाही, म्हणून अनेक अळ्यांचे मेंदू थंड ठेवून एकत्र करतात. मग पाचक रसासारख्या द्रव्याने पेशी किंवा त्यांची केंद्रके एकमेकांपासून सुटी करतात. ती तेलातल्या इवल्याशा थेंबांत एकेक करून जातात. प्रत्येक थेंबात एक मणी असतो आणि त्या मण्याचा स्वतःचा क्रमांक असतो. पेशीतील प्रत्येक नकलेवर तो क्रमांक चिकटतो. रेशनकार्डावरील क्रमांकावरून जसे कुटुंब कळते, तसे या क्रमांकावरून कोणती नक्कल कोणत्या पेशीची हे कळते. सगळ्या नकला यंत्राने वाचल्या की संगणक सारख्या पेशींचे गट पाडतो.

इथे यंत्राचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते. गट पडले, पण त्यांना नावे कोण देणार? एका गटात ॲसिटिलकोलीन बनवण्याचे जनुक चालू दिसते. कीटकांच्या मेंदूत निरोप पुढे ढकलण्याचे मुख्य काम याच द्रव्याचे. दुसऱ्या गटात गाबा नावाचे द्रव्य. ते लगाम घालणारे. तिसऱ्यात ग्लुटामेट, कीटकांत स्नायूंना हुकूम देणारे. काही पेशी वासाची आठवण साठवणाऱ्या. काही पेशी मुळात मज्जापेशीच नव्हेत, तर त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, सांभाळणाऱ्या आधारपेशी. प्रत्येक नाव कागदावर टाकले की पुन्हा अळीकडे जावे लागते. चमकणाऱ्या रंगाने तीच पेशी खऱ्या मेंदूत कुठे बसली आहे हे शोधून ताळा करावा लागतो. ताळा जमला नाही तर नाव खोडावे लागते. प्राणिशास्त्र, रसायन, गणित आणि चित्रकला, सगळे या एका कामात लागते. आणि सर्वांत जास्त लागतो तो सबूर.

अळीच्या मेंदूत आणखी एक गट सापडतो, त्याच्याकडे पालकांचे लक्ष वेधतो. या पेशी अजून कोणतेच काम करीत नाहीत. त्या नुसत्या वाढतात आणि विभागतात. अळी पाण्यात आहे, तिला पंख नाहीत, उडणे ठाऊक नाही. पण उद्याच्या डासाला ज्या मज्जापेशी लागणार त्यांची तयारी आतल्या आत चालू असते. पुढच्या मोठ्या, अनेक भिंगांच्या डोळ्यांची जडणघडणसुद्धा अळीतच सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? डास मारायला फवारा पुरे की! याचे उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १९४७ साली भारतात मलेरियाचे सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघर डीडीटी फवारले गेले आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या घरात आली. रोग संपला असे लोक म्हणू लागले. १९७६ साली तीच संख्या ६४ लाखांवर गेली. कारण एकच नव्हते. पैशांची टंचाई होती, देखरेखीत ढिलाई होती, आणि डासांना डीडीटी पचू लागले होते.

डीडीटी आणि आपल्या उदबत्तीसारख्या कॉइलमधील औषध, दोन्ही मज्जापेशीच्या भिंतीतील सोडियमची दारे उघडी धरून ठेवतात. मॅलॅथिऑन आणि पाण्यात टाकायचे टेमेफॉस ॲसिटिलकोलीनचा निचरा अडवतात. म्हणजे आपली बहुतेक डासनाशके मज्जासंस्थेवर चालणारी विषे आहेत. अडचण अशी की सोडियमची दारे आणि ॲसिटिलकोलीन मधमाशीतही आहेत, माशातही आहेत आणि आपल्यातही आहेत. उलट डासाने त्या दारात जरासा फरक केला की विष निष्प्रभ ठरते. म्हणून फक्त डासात असलेली पेशी आणि फक्त तिच्यात असलेले दार शोधायचे, तर आधी शिरगणती पुरी हवी. १९७६ साली सापडलेला बीटीआय हा जीवाणू याचा चांगला दाखला आहे. त्याचे विष अळीच्या आतड्यातच खुलते. माणसाला त्याची बाधा होत नाही. नेमकी ओळख असली की औषधही नेमके मिळते.

ओळख चुकली की काय होते, तेही सांगतो. शास्त्रज्ञांचा समज होता की वासाच्या एका मज्जापेशीत एकाच जातीचे ग्राहक असतात, एका दाराला एक कुलूप असावे तसे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वॉशॉल यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली एडीस डासाचे वासाचे एक प्रमुख जनुक बंद पाडले. वाटले, आता याला माणूस सापडणार नाही. पण उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड सोबत असला की डास माणसाकडे येतच राहिला. २०२२ साली उलगडा झाला: डासाच्या एकाच पेशीत अनेक जातींचे ग्राहक असतात. एक कुलूप मोडले तरी दुसऱ्याने काम भागते. मग २०२५ साली याच प्रयत्नातून पूर्ण वाढलेल्या एडीस नर-मादीची मोठी नोंदवही प्रसिद्ध झाली. १९ अवयव, ३ लाख ६७ हजारांहून अधिक केंद्रके. मादीने रक्त प्यायल्यावर मेंदूतील ज्या पेशींत मोठे बदल दिसले, त्या होत्या आधारपेशी. ज्यांना आजवर कोणी फारसे विचारात घेत नव्हते, त्या! खानेसुमारीत कोणालाही वगळायचे नसते, ते यासाठी.

आता या कामात आपले कोण, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस डासांच्या मागे लागले होते. त्यांच्या माणसाने बाटलीभर अळ्या आणून दिल्या. त्यांतून निघालेले ठिपकेदार पंखांचे डास रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला चावू दिले आणि एका डासामागे एक आणा दिला. त्यांतल्याच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत २० ऑगस्टला मलेरियाचा जंतू दिसला. पुढे १८९८ साली कलकत्त्यात पाखरांच्या मलेरियावर काम झाले, तेव्हा डास जमवणे आणि सांभाळणे यांत मोहम्मद बक्ष हे रॉस यांचे मदतनीस होते. १९०२ चे नोबेल रॉस यांना मिळाले. हुसेन खानांनी रक्त दिले, मोहम्मद बक्ष यांनी हात दिले. मला रॉस यांची थोरवी कमी करायची नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की सूक्ष्मदर्शकाच्या बाजूला उभे राहणारे आपल्यात तेव्हाही होते. आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारे हवेत.

आणि त्यासाठी सातासमुद्रापार जावेच लागते असे नाही. मुंबईत १८९९ पासूनची हाफकिन संस्था आहे. पुण्यात १९५२ साली सुरू झालेली, आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. कीटकांनी पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हेच तिचे मूळ काम. पुण्यातच २००६ पासून आयसर आहे. वाट लांब आहे: बारावी, पदवी, मग पुढची वर्षे. पालकहो, मुलगा डॉक्टर किंवा इंजिनीयर झाला नाही म्हणजे वाया गेला, आणि मुलगी दहावी झाली म्हणजे झाले, या दोन हिशेबांत आपण किती प्रश्न ओतून टाकले असतील? आमच्यासारख्या शिक्षकांनीही ओतले. मी ओतला.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला आज एक घरचा अभ्यास देतो. घरातील आणि अंगणातील साठलेले पाणी तपासा. अळ्या मिळाल्या तर काचेच्या बरणीत घेऊन तोंडाला जाळीचे कापड बांधा. अळी लटकते की आडवी पडते ते पाहा. वरून सावली पाडा, बुड्या मोजा, पुन्हा सावली पाडा, पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. त्याच दिवशी पाणी कोरड्या मातीवर ओता, गटारात नको. भांडी आतून घासून कोरडी करा, कारण एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने सुकी राहूनही जगतात. हे दर आठवड्याला करा. हौदात गप्पी मासे सोडा. तुमच्या मोहल्ल्यात डेंग्यू कमी होईल, आणि वहीत जे आकडे जमतील ते तुमचे स्वतःचे असतील.

शेवटी, त्या मुलीबद्दल. गेल्या वर्षी ती मला बाजारात भेटली. तिनेच ओळख दिली, सलाम केला. तिची नात याच शाळेत पाचवीत आहे. मी तिला बरणीची आठवण काढून माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, “सर, मला तर आठवतसुद्धा नाही.” मला मात्र आठवते. ती नात एखाद्या दिवशी बरणी घेऊन वर्गात येईल. तेव्हा वर्गावर जे कोणी शिक्षक असतील त्यांनी एवढेच म्हणावे: “मला ठाऊक नाही, बाळ. ये, आपण दोघे पाहू.”